अर्थिंग मोजल्याशिवाय सही नाही!



गेल्या वर्षी रोहिणी नक्षत्रात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी बैठकीला गेलो होतो. विषय कापसाच्या भावाचा होता. बैठक संपल्यावर एक शेतकरी हाताला धरून शेतावर घेऊन गेला. पाच हॉर्सपॉवरचा सोलर पंप, बसवून आठ महिने झालेले. चार दिवसांपूर्वी रात्री वादळ झाले. वीज पडली ती प्लेटांवर नव्हे, दोन शेते पलीकडच्या बाभळीवर. तरी सकाळी कंट्रोलरची पेटी मेलेली आणि बोअरमधली मोटारही जळालेली.

कंपनीचा माणूस नवव्या दिवशी आला. पेटी उघडून पाहिली आणि कागदावर दोन शब्द लिहिले, ‘नैसर्गिक आपत्ती’. म्हणजे हमीत बसत नाही. मृगाचा पाऊस पडून गेला, पेरणी झाली आणि मग पंधरा दिवस उघाड. बोअरला पाणी होते, आकाशात ऊन होते, प्लेटा जागेवर होत्या, आणि कपाशीचे अंकुर डोळ्यांदेखत वाळले. त्या माणसाला दुबार पेरणी करावी लागली.

पुढच्या फेरीत आम्ही दोघांनी कुदळ घेऊन अर्थिंगची जागा उकरली. दीड फुटावर मुरूम लागला. बसवणाऱ्याची रॉड तिथेच अडली होती, म्हणून त्याने ती कापली होती. जमिनीत होता तो जेमतेम अडीच फुटांचा तुकडा. त्याची तार सांगाड्याच्या रंगवलेल्या पायाला एका बोल्टखाली दाबली होती. मी हलकेच ओढली, हातात आली. घरी येऊन फाइल पाहिली. त्यात एक छापील फॉर्म होता. ‘अर्थिंग: योग्य’, समोर बरोबरची खूण आणि खाली शेतकऱ्याची सही.

माझे भांडण त्या खुणेशी आहे, आणि त्याहून जास्त त्या सहीशी.

तुम्हीच तुमचे वीज मंडळ

डीपीवरच्या कनेक्शनला नावे ठेवण्यात आपले अर्धे आयुष्य गेले. पण त्या व्यवस्थेत निदान एक गोष्ट कागदावर तरी ठरलेली असते. डीपीचा न्यूट्रल जमिनीत गाडणे ही मंडळाची जबाबदारी असते. ते करत नाहीत तेव्हा आपण मोर्चा नेतो.

सोलर पंप त्या जाळ्याला जोडलेला नाही. त्याच्यामागे डीपी नाही, सबस्टेशन नाही, लाइनमन नाही. वीज तयार होते तुमच्या शेतात आणि वापरली जाते तुमच्याच शेतात. म्हणजे तुम्हीच वीज केंद्र, तुम्हीच वीज मंडळ आणि तुम्हीच ग्राहक. अपघात झाला तर मोर्चा कोणाच्या दारात नेणार? हे ज्याला कळले त्याला अर्थिंग म्हणजे कंत्राटाच्या यादीतला शेवटचा किरकोळ रकाना वाटणार नाही.

२०२४ मध्ये आलेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा वाटा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के ठेवला. पाच वर्षे दुरुस्तीची हमीही दिली. वाटा लहान आहे म्हणून पुष्कळांना वाटते, फुकटात मिळाले, आता जास्त बोलू नये. अनुदान ही भीक नव्हे. शेतमालाच्या भावात वर्षानुवर्षे जे लुटले त्यातले दोन दाणे परत येतात, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय कंत्राटदाराला पैसे पुरे मिळतात, दहा टक्के नव्हे. मग कामही पुरे हवे.

चार थापा

बसवणारी पोरे शेतकऱ्याला चार गोष्टी सांगतात. एकेक तपासू.

पहिली थाप: ‘सोलरची वीज डीसी असते, तिचा शॉक बसत नाही.’ एका मोठ्या प्लेटेचा उघडा दाब साधारण ४५ व्होल्ट. दहा प्लेटा एकामागे एक जोडल्या की झाले ४५० व्होल्ट. डीसी विजेत १२० व्होल्टच्या पुढे जीवाला धोका धरतात. आपल्या पंपाची लाइन त्याच्या तिपटीहून वर आहे. आणखी एक गोष्ट. डीपीचा फ्यूज काढता येतो, सूर्याचा काढता येत नाही. उजेड आहे तोवर प्लेटांच्या तारांत दाब आहे. डीसीची ठिणगी एकदा लागली की सहज विझतही नाही, कारण घरगुती विजेसारखी ती सेकंदात शंभरदा शून्यावर येत नाही. उंदराने तार कुरतडली आणि ती सांगाड्याला लागली, की पूर्ण सांगाडा जिवंत होऊ शकतो. प्लेटा पुसायला गेलेल्या बाईला किंवा पोराला ते दिसत नाही.

दुसरी थाप: ‘अर्थिंग केली तर वीज ओढली जाते.’ उघड्या शेतात लोखंडी सांगाडा उभा केलात तेव्हाच तुम्ही आकाशाकडे बोट दाखवले. वीज अर्थिंग आहे का विचारून पडत नाही. अर्थिंग तिला जमिनीत जायला सोपी वाट देते. ती नसेल तर वीज अवघड वाट धरते, आणि ती वाट तुमच्या कंट्रोलरमधून, मोटारीच्या वेढ्यांतून, वेळ आलीच तर माणसाच्या अंगातून जाते.

तिसरी थाप: ‘लहान सिस्टिमला लागत नाही.’ हिच्यात अर्धे सत्य आहे, म्हणून ती जास्त घातक. घरी एक प्लेट, एक बॅटरी आणि दोन दिवे असतील, सगळा कारभार १२ व्होल्टचा असेल, तर शॉकसाठी अर्थिंगची गरज नाही. पण त्याच बॅटरीवर इन्व्हर्टर लावून २३० व्होल्टवर पंखा किंवा मिक्सर चालवला की हिशेब बदलतो. बॉडीला अर्थ हवीच. आणि ईएलसीबी लावला तरी इन्व्हर्टरच्या न्यूट्रलचा अर्थशी एका जागी सांधा नसेल तर तो पडणारच नाही, नुसता शोभेला राहील. काही स्वस्त इन्व्हर्टर मात्र असा सांधा केल्याने जळतात. बॅटरीच्या निगेटिव्हला अर्थ करायचे की नाही हेही कंट्रोलरच्या बनावटीवर ठरते. बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत लिहिले असेल तसे, जाणत्या वायरमनकडून आणि एकाच जागी करून घ्यावे. प्लेटांचे सांगाडे आणि लोखंडी पेट्या यांना मात्र हा वाद लागू नाही. त्यांना अर्थ केलेली बरीच.

चौथी थाप: ‘रॉड टाकली आहे ना!’ रॉड टाकणे म्हणजे अर्थिंग नव्हे. बी टाकणे म्हणजे पीक नव्हे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

माती आपली, हिशेबही आपलाच

मी शिकलो शेतकी. विजेची परीक्षा मी दिलेली नाही. पण अर्थिंगचा निम्मा प्रश्न विजेचा आणि निम्मा मातीचा आहे, आणि त्या मातीच्या निम्म्यात आपण कोणाला हार जाणार नाही.

माती परीक्षणाचा कागद काढून पाहा. सामूच्या शेजारी एक रकाना असतो, ‘विद्युत वाहकता’. मातीतून वीज किती सहज वाहते त्यावरून प्रयोगशाळा क्षार ओळखते. माती ओली, चिकण आणि थोड्या क्षारांची असेल तर वीज चटकन वाहते. कोरडी, भरड आणि मुरमाड असेल तर अडते. अर्थिंगचे सगळे शास्त्र या दोन वाक्यांत आहे.

आता आपल्या जमिनी पाहू. भारी काळी जमीन पावसाळ्यात अर्थिंगला सोन्यासारखी. अडीच मीटरची पूर्ण रॉड ओल्या काळ्या मातीत ठोकली तर पाच ओहमच्या आतबाहेर विरोध मिळू शकतो. पण हीच माती उन्हाळ्यात काय करते? आकसते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात, कुठे कुठे तीन फुटांच्याही खाली जातात. माती रॉडचा हात सोडते आणि वरच्या थरात रॉडभोवती उरते हवा. ऑगस्टमध्ये उत्तम असलेली अर्थिंग मे महिन्यात लंगडी होते. आणि आपल्याकडे वळवाच्या विजा कडाडतात कधी? नेमक्या एप्रिल ते जूनमध्ये, जमीन सर्वात कोरडी असताना. ज्या दिवशी अर्थिंगची परीक्षा, त्याच दिवशी ती गैरहजर.

हलक्या बरड जमिनीची गोष्ट वेगळी. वर फूट-दीड फूट माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. इथे रॉड जातच नाही. मग कंत्राटदाराचा पोऱ्या ती कापतो. एकसारख्या मातीतसुद्धा रॉड अर्धी केली की विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. शिवाय मुरमाचा विरोध ओल्या काळ्या मातीच्या कितीतरी पट असतो. जिथे पाच ओहम हवेत तिथे शंभरही निघू शकतात. ती रॉड नसल्यात जमा.

उपाय नाही असे नाही. रॉड उभी जात नसेल तर तार आडवी पुरा. वीस मीटर लांबीची जस्ताची पट्टी किंवा जाड तार चरात पुरली, तर त्याच मातीतल्या एका पूर्ण उभ्या रॉडच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतका विरोध येतो. अर्थिंगसाठी असलेल्या भारतीय मानक ३०४३ मध्ये पट्टीची ही पद्धत मान्य आहे. चर दोन फुटांपेक्षा खोल घ्या, म्हणजे नांगराच्या फाळाला तार लागणार नाही. ओल टिकते त्या अंगाने घ्या: उताराच्या खालच्या बाजूला, बांधाकडेला किंवा पंपाचे पाणी सांडते तिकडे. चरात मुरूम परत लोटू नका. तळ्याचा गाळ किंवा भारी काळी माती आणून तारेभोवती दाबून बसवा.

बाजारात अर्थिंगची पावडर पिशवीतून विकतात. त्यातल्या पुष्कळ पावडरींचा आधार बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते. पाणी धरून ठेवणारे आणि फुगणारे जे खनिज आपल्या काळ्या मातीत आहे, त्याच कुळातले. पिशवीतला माल जास्त शुद्ध आणि जास्त सरस, हे कबूल. खडकाळ जागी जरूर वापरावा. पण ‘पावडरीला पैसे नाहीत म्हणून अर्थिंग झाली नाही’ ही सबब काळ्या मातीच्या मुलखात कोणी सांगू नये.

मीठ-कोळशाचा जुना खड्डा पुष्कळांना माहीत आहे. मिठाने विरोध उतरतो खरा. पण एक-दोन पावसाळ्यांत मीठ धुऊन जाते आणि जाता जाता लोखंड खाऊन जाते. शेतात मीठ गाडा हा सल्ला शेतकीच्या माणसाने देऊही नये. त्यापेक्षा रॉडजवळ पाणी ओतायला एक पाइप ठेवा आणि फाल्गुनापासून मृगापर्यंत आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. बैलाला पाजतो तसे रॉडलाही पाजा.

पाण्यातला पंप आणि वरची पेटी

आता त्या बाभळीवर पडलेल्या विजेकडे वळू. ती सोलरवर पडली नाही, मग पेटी का जळाली?

आपली मोटार बोअरच्या पाण्यात बुडालेली असते. भूजलात बसलेले लोखंड म्हणजे शेतातली सर्वात चांगली अर्थ. वर प्लेटांचा सांगाडा उभा, त्याची अर्थ मात्र अडीच फुटांच्या तुकड्याची. जवळपास वीज पडली की तारांत आणि सांगाड्यात दाबाची लाट उठते आणि जमिनीत उतरायला चांगली वाट शोधते. चांगली वाट कुठे? खाली पाण्यात. तिथे जायचा रस्ता कोणता? कंट्रोलर, केबल आणि मोटारीचे वेढे. बोअरमधला पाइप प्लास्टिकचा, केबल तीन तारांची, चौथी अर्थची तार टाकलेलीच नाही. मग लाट इन्सुलेशन फोडूनच जाणार.

म्हणून मोटारीच्या बॉडीपासून वर अर्थची वेगळी तार हवी. ती, कंट्रोलरची बॉडी, सांगाडा आणि प्रत्येक प्लेटेची चौकट एकमेकांना जोडलेली हवी आणि सगळे मिळून जमिनीत गेलेले हवे. अरेस्टरला स्वतःची रॉड हवी. त्याची तार गुंडाळी न करता सरळ खाली उतरलेली हवी, आणि जमिनीखाली ती रॉडही बाकीच्या रॉडांना जोडलेली हवी. रॉडा सुट्या राहिल्या तर विजेच्या क्षणी दोन रॉडांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो यंत्रावर निघतो. पेटीतला सर्ज प्रोटेक्टर ही लाट जमिनीत सोडण्यासाठी असतो. जमिनीकडे वाटच नसेल तर तो बिचारा सोडणार कुठे?

बारीक गोष्टी कामाचा कस लावतात. प्लेटेची ॲल्युमिनियमची चौकट वरून झिलई दिलेली असते आणि त्या झिलईतून वीज जात नाही. साधा बोल्ट आवळून सांधा होत नाही, दात्यांचा वॉशर हवा, तो झिलई फोडून धातूला भिडतो. रंगाच्या थरावर बसवलेला सांधाही खोटाच. आणि उघडे तांबे थेट ॲल्युमिनियमवर आवळले तर ओलीत सांधा कुजतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. प्लेटांवर थेट वीज पडली तर कोणतीही अर्थिंग पूर्ण हमी देत नाही. पण शेजारच्या बाभळीवरच्या विजेने ज्यांच्या पेट्या जळतात त्यांना देवाची करणी सांगून परत पाठवणे ही करणी देवाची नव्हे, कंत्राटदाराची आहे.

आपलेही चुकते

दोष एकट्या कंत्राटदाराचा नाही. नांगराला आडवी येते म्हणून अर्थची तार आपणच तोडतो. तांबे दिसले की गावातलेच कोणी रात्री कापून नेते आणि आपण गप्प बसतो. सांगाड्याच्या पायाला बैल बांधतो. विजेच्या वेळी जमिनीत दाब पसरतो आणि बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांमध्ये अंतर जास्त, म्हणून माणूस वाचतो तिथे बैल जातो. वादळात प्लेटांखाली आडोशाला उभे राहतो. देशात २०२२ साली विजेने २,८८७ माणसे गेल्याची नोंद गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे. अर्थिंग यंत्र वाचवायला आहे, तिच्या आश्रयाला उभे राहायला नाही. ढग गडगडले की सांगाड्यापासून दूर, पक्क्या घरात.

आणि सर्वात मोठी चूक म्हणजे न पाहता केलेली सही. भावांनो, सातबाऱ्यावर सही करताना आपण चार माणसांना विचारतो. व्यापाऱ्याच्या काट्यावर नजर ठेवतो. मग या फॉर्मवर अंगठा इतक्या सहज का उठतो? त्या सहीने कंत्राटदाराचे बिल मोकळे होते आणि जोखीम तुमच्या नावावर चढते.

बैठकीपुढे ठराव

येत्या जिल्हा बैठकीत पुढील ठराव मांडत आहे. चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा, पण निर्णय घेऊन उठा.

१. अर्थिंग मोजून ओहमचा आकडा शाईने लिहिल्याशिवाय पूर्णत्वाच्या कागदावर कोणी सही करणार नाही. नुसती बरोबरची खूण चालणार नाही. अरेस्टरची अर्थ १० ओहमच्या आत हवी.

२. पावसाळ्यात बसवलेल्या पंपाचे मोजमाप पुढच्या मे महिन्यात पुन्हा झाले पाहिजे. ते हमीच्या पाच वर्षांत दरवर्षी, कंत्राटदाराच्या खर्चाने झाले पाहिजे.

३. खड्डा किंवा चर बुजवण्याआधी शेतकऱ्याने रॉडची लांबी स्वतः टेपने मोजावी आणि फोटो काढून ठेवावा. ‘नैसर्गिक आपत्ती’चा शेरा आला तर हाच पुरावा.

४. ज्यांच्या अर्थिंगमध्ये कापलेली रॉड किंवा खोटे सांधे निघतील त्यांच्या तक्रारी एकेकट्याने न देता तालुक्यातून एका गठ्ठ्याने द्याव्यात. एकट्याचा अर्ज टोपलीत जातो, शंभरांचा टेबलावर राहतो.

५. प्रत्येक तालुक्यात संघटनेच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या मालकीचा एक अर्थ टेस्टर असावा. गावातल्या आयटीआय झालेल्या पोरापोरींना तो चालवायला शिकवावे. मोजमाप पंप बंद करून, आभाळ स्वच्छ असताना. कंट्रोलरच्या पेटीत शेतकऱ्याने स्वतः हात घालू नये.

घामाचे दाम मागणारी आपली चळवळ वजनकाट्यापासून सुरू होते. काटा खोटा असेल तर भाव कितीही मिळो, लूट चालूच राहते. अर्थिंगचा टेस्टर हाही एक काटाच आहे. कापसाचे माप दुसऱ्याच्या हाती दिले त्याचे परिणाम आपण भोगले. आपल्याच जमिनीचे माप तरी आता दुसऱ्याच्या हाती देऊ नका.

बैठकीला येताना तीन गोष्टी करून या. आपल्या पंपाची अर्थिंगची तार हाताने ओढून पाहा. रॉड किती लांबीची टाकली ते आठवा. आणि फाइलमधला तो फॉर्म बरोबर घेऊन या. ज्याच्या फॉर्मवर ओहमचा आकडा असेल त्याने हात वर करावा. बाकीच्यांनी कुदळ तयार ठेवावी.